पुढे व्हा, आम्ही मागे येतो

आमचे मामा कुठल्याही लिफ्टमध्ये सरळ शिरत नाहीत. दार उघडलं की आधी आत डोकावतात, लिफ्टची जमीन बाहेरच्या जमिनीशी एका पातळीत आहे का ते पाहतात, मग एक पाय आत टाकून जरा दाबून बघतात आणि नंतरच दुसरा पाय उचलतात. मामी तोवर जिन्याने वर पोचलेली असते.

त्यांचं सगळं आयुष्य लिफ्टच्या देखभालीत गेलं. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत, दोरांना टांगलेल्या डब्याच्या टपावर उभं राहून कान लावायचा आणि कुठला आवाज नेहमीचा नाही ते ओळखायचं. "बंद पडलेली लिफ्ट निदान खरं बोलते," ते म्हणायचे. "धोका चालू लिफ्टचा असतो." हाच न्याय त्यांनी माणसांनाही लावला. कोणी गोड बोलला, वेळेवर आला, आपणहून मदतीला धावला, की मामांच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. शेजाऱ्यांनी नेलेली शिडी परत आणून दिली, तर हे तिच्या पायऱ्या मोजत बसायचे. दूधवाला दुधात पाणी घालत नाही असं मामी एकदा म्हणाली, तर म्हणाले, "मग दुसरं काहीतरी घालत असणार."

मी नोकरीसाठी त्यांच्या शहरात आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहायला लागले, त्याच सुमारास ते निवृत्त झाले. घरात बसून ते मामीवर आणि नळांवर संशय घेत राहिले असते, पण त्यांनी गाडी घ्यायचं काढलं. मोठी नव्हे. चार माणसं आणि थोडं सामान मावेल एवढीच, राखाडी रंगाची, पोट जमिनीपासून जरा वर असलेली. फक्त चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. विक्रेत्याने चारचारदा सांगूनही त्यांचा विश्वास बसेना. शेवटी शोरूमच्या चकचकीत फरशीवर ते उताणे झोपले, गाडीखाली सरकले आणि मागच्या चाकांकडे जाणारा दांडा खरोखर आहे याची हात लावून खात्री करून घेतली. मामी आणि मी काचेबाहेर, आमचा या गृहस्थांशी काही संबंध नसल्यासारख्या उभ्या होतो.

"एवढं करून जायचंय कुठे?" मामीने विचारलं.

"जिथे डांबर संपतं तिथून पुढे. आयुष्य वरखाली करण्यात गेलं. आता जरा आडवं जाऊन बघू."

आणि खरंच, दर रविवारी सकाळी आम्ही निघायला लागलो. शहराबाहेरच्या डोंगरांत खाणींचे, लाकूडतोडीचे, धरणाच्या कामाचे असे कितीतरी जुने रस्ते पडून होते. मामांना कच्चा रस्ता आवडायचा, कारण तो काही लपवत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. डांबराखाली काय पोकळ झालंय कोण जाणे. इथे दगड तो दगड आणि खड्डा तो खड्डा. तरी त्याच्यावरही ते पूर्ण भरवसा ठेवत नसत. ओढा आला की गाडी थांबवून पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि काठीने तळ चाचपत पलीकडे जाऊन यायचं. चढ सुरू व्हायच्या आधी टायरमधली हवा थोडी सोडायची. परत डांबरावर आलो की ती भरायची. हवेचा पंप मामीच्या मांडीवर असायचा. "लोकांच्या बायका मांडीवर पर्स ठेवतात," ती म्हणायची. चालवायला मात्र मामा तिला द्यायचे नाहीत. ती शहरात चालवायची, चांगली चालवायची, पण डांबर संपलं की किल्ली मामांकडे.

डांबर संपतं तिथेच, एका बंद पेट्रोलपंपाशी, आम्हाला ते दोघं भेटले.

त्यांची गाडी आमच्या गाडीला खिशात घालेल एवढी होती. उंच, चौकोनी, पुढे लोखंडी कठडा, टपावर दिव्यांची रांग. मामांनी तिथल्या तिथे तिला रणगाडा नाव दिलं आणि ते मालकालाही चिकटलं. गृहस्थ मामांपेक्षा थोडे मोठे, पूर्वी फर्निचरचं दुकान असलेले, भारदस्त आवाजाचे. बायको लहानखुरी, गळ्यात केशरी स्कार्फ. ते फार अगत्याने बोलले. आपल्याकडचा वॉकीटॉकीचा एक संच त्यांनी मामांच्या हातात ठेवला, रानात मोबाईल लागत नाही म्हणून. आणि म्हणाले, "बरोबरच जाऊ या. तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागे येतो."

संपलं. त्या एका वाक्यावर मामांची झोप उडाली.

"एवढी दांडगी गाडी, आणि पुढे आपण?" घरी आल्यावर ते म्हणाले. "रस्ता खचलेला असला तर कोण पडणार? आपण. पाणी खोल असलं तर कोण बुडणार? आपण."

"तुम्ही काठीने तळ बघता, म्हणून तुम्हाला पुढे करत असतील," मामी म्हणाली.

पण पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. रणगाडा आमच्या मागे इतका चिकटून यायचा की आरशात फक्त त्याचा लोखंडी कठडा दिसायचा. वॉकीटॉकीवरून त्या बाईंचा आवाज यायचा, "मागचे दिवे चालू ठेवाल का? दिवसासुद्धा ठेवा हं, सुरक्षित असतं." कधी बटण चुकून दाबलेलं राहायचं, मग त्यांचं आपापसातलं बोलणं तुटक तुटक ऐकू यायचं. "किती लांब आहेत?… दिसतायत का?… सोडू नका त्यांना."

"ऐकलंस?" मामा गाडी चालवता चालवता माझ्याकडे वळून म्हणाले. "सोडू नका त्यांना!"

"त्या बाई घाबरल्यात," मामी म्हणाली. तिने सगळी नोकरी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर केलेली. माणसाचं तोंड न बघता आवाज ओळखायची तिला सवय. "हा दरडावणारा आवाज नाही."

"घाबरणारच. सापडलो तर काय होईल, ही भीती असते."

मामांनी एकेक गोष्ट मनात टिपून ठेवायला सुरुवात केली, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायला लागलं होतं. शहरातून पंपापर्यंत रणगाडा बाई चालवत आणायच्या. डांबर संपलं की उतरून जागा बदलायच्या, आणि पुढे गृहस्थ चालवायचे. मामांच्या मते याचा अर्थ उघड होता: "कॅमेरे असतील तिथे बायको. कॅमेरे संपले की स्वतः." दुपार कलायच्या आत परतायचं, यावर गृहस्थ हटून बसायचे. संध्याकाळी कोण वाट बघतंय यांची? मी डोंगरावरून काढलेले फोटो दाखवले तर मोबाईल हातात घेऊन "वा, सुंदर," म्हणाले आणि लगेच परत दिला. मी फोटोऐवजी चुकून माझं किराणा सामानाचं बिल उघडलं होतं. एकदा पंपापाशी थांबलो असताना आमच्याच रंगाच्या कुणा तिसऱ्याच गाडीपाशी जाऊन त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. बाई धावत गेल्या, दंडाला धरून त्यांना वळवलं आणि मोठ्याने हसल्या. मामा हसले नाहीत.

पण सगळ्यात जास्त त्यांना खटकायचं ते दुसरंच. "तो माणूस नजरेला नजर देत नाही," ते म्हणायचे. आणि ते खरं होतं. बोलताना गृहस्थ नेहमी तोंड जरा बाजूला वळवायचे, तुमच्या कानाच्याही पलीकडे बघत असल्यासारखे.

मामांची अनुमानं रविवारागणिक बदलत गेली. आधी ते चोरटं लाकूड नेणारे होते. मग जमिनी हडपणारे. आडरानातल्या रस्त्यांची पाहणी करून ठेवायची आणि पुढे कुंपण घालायचं. मग विम्याचा काहीतरी घोळ. मामी एकदा वैतागून म्हणाली, "मग जाणं बंद करू या ना!" त्यावर मामा टायरमधली हवा बघायला निघून गेले. त्यांना जायचं होतं. मला वाटतं रस्त्यांपेक्षा आता त्यांना या दोघांचंच वेड लागलं होतं.

शेवटी त्यांनी ठरवलं की सोक्षमोक्ष लावायचा.

जुन्या दगडखाणीच्या डोंगराला एक फाटा आहे. खालचा रस्ता कड्याच्या बाजूने जातो, एका गाडीपुरता. एकीकडे डोंगर, दुसरीकडे दरी. वरचा रस्ता झुडपांतून चढतो आणि डोंगराच्या खांद्यावर येतो. तिथून खालचा सगळा रस्ता तळहातासारखा दिसतो. त्या रविवारी फाट्याच्या आधीच्या वळणावर मामांनी एकदम वेग वाढवला. मागचा रणगाडा दिसेनासा झाला, तशी गाडी वरच्या रस्त्याला घातली. दगडधोंड्यांवरून आमची बिचारी राखाडी गाडी चारही चाकांनी ओरबाडत वर चढली. एका मोठ्या खडकाआड त्यांनी ती उभी केली, दिवे बंद केले, दुर्बीण काढली.

"हे काय चाललंय?" मामीने विचारलं.

"आपण नसलो की ते काय करतात ते बघायचंय."

खाली रणगाडा फाट्यापाशी आला आणि थांबला. वॉकीटॉकी खरखरला. "अहो, कुठे आहात? आम्हाला दिवे दिसत नाहीयेत. ऐकू येतंय का?"

मामी बोलायला गेली तर मामांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"उत्तर द्या," मामी म्हणाली.

"थांब जरा."

"अहो, तिचा आवाज ऐका!"

"थांब म्हटलं ना!"

पुन्हा एकदा हाक आली, मग दोघांत काहीतरी वाद झालेला तुटक ऐकू आला. "पुढेच गेले असतील… मागे नाही वळता येणार…" आणि मग रणगाड्याचं दार उघडलं. बाई खाली उतरल्या. गाडीच्या पुढे गेल्या. गाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, गळ्यातला केशरी स्कार्फ सोडून हातात धरला आणि उलट्या पावलांनी कड्याच्या रस्त्याने चालायला लागल्या. स्कार्फ डावीकडे हलवला की ते अवाढव्य धूड डावीकडे सरकायचं, उजवीकडे हलवला की उजवीकडे. थांबवला की थांबायचं. एखाद्या मोठ्या जनावराला घेऊन चालावं तशा त्या त्याला पावलापावलाने पुढे आणत होत्या.

"ही काय करतेय?" मामा दुर्बिणीतून बघत पुटपुटले.

मामीला दुर्बिणीची गरज पडली नाही. "त्यांना दिसत नाही," ती म्हणाली.

मामांनी दुर्बीण खाली घेतली. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष खालच्या रस्त्याच्या पुढच्या वळणाकडे गेलं. तिथे पावसाच्या पाण्याने दरीकडची बाजू पोखरून नेली होती. वरून ते स्पष्ट दिसत होतं. खालून, वळणाअलीकडून, दिसणं शक्य नव्हतं. आणि बाई पाठमोऱ्या चालत होत्या.

मामांनी धावत जाऊन हॉर्न दाबला. वॉकीटॉकी त्यांच्याच खिशात होता, पण घाईत हात पडला तो हॉर्नवर. आवाज डोंगरावर आदळून सगळीकडून आल्यासारखा आला. बाईंनी दचकून वर पाहिलं, हातातला स्कार्फ तसाच खाली राहिला, आणि रणगाडा पुढे येत राहिला. बाई किंचाळत बाजूला झाल्या. बाहेरचं पुढचं चाक कडेवरून खाली घसरलं.

"ब्रेक!" मामा आता वॉकीटॉकीत ओरडत होते. "ब्रेक दाबून धरा, हलू नका! मी येतोय, हलू नका!"

खाली कसे आलो ते मला नीट आठवत नाही. फाट्यावरून वळून आम्ही रणगाड्याच्या मागे पोचलो तेव्हा तो एका बाजूला झुकून उभा होता, आणि गृहस्थ आत दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून बसले होते. बाई डोंगराच्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. मामी थेट त्यांच्याकडे गेली.

मामांनी डोंगराच्या बाजूचं दार उघडलं, आधी हँडब्रेक ओढला आणि मग गृहस्थांना सावकाश बाहेर काढलं. मग गाडीभोवती जाऊन खाली वाकून पाहिलं. आता ते पुन्हा कामावरचे मामा झाले होते. कुठे किती भार आहे, काय धरून ठेवेल, काय सुटेल, एवढंच बघणारे. रणगाड्यातला जाड दोर त्यांनी हातातून सबंध फिरवून तपासला, आकड्यावर स्वतः लटकून पाहिलं, आणि एक टोक रणगाड्याच्या मागे, दुसरं आमच्या गाडीच्या नाकाला बांधलं. आमच्या गाडीने मागे ओढायचं आणि त्याच वेळी रणगाडाही मागे घ्यायचा. रणगाड्यात कुणीतरी बसायला हवं होतं. आणि आमच्या गाडीतही.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला गाडी येत नव्हती. मग त्यांनी मामीकडे पाहिलं.

"किल्ली द्या," मामी म्हणाली.

"दोर ताणला की झटका द्यायचा नाही. हळूहळू."

"कळतं मला."

"मागे वळण आहे."

"अहो, दिसतंय मला. तुम्ही बसा जाऊन."

ते रणगाड्यात बसले, दार उघडं ठेवून. मी मामीला मागचा रस्ता हातांनी दाखवत उभी राहिले. दोर ताणला. आमच्या गाडीची चाकं आधी जागच्या जागी फिरली, खडी उडाली. मग चारही चाकांनी जमीन धरली. मामीने ती अशी मागे घेतली की जणू दर रविवारी हेच करत होती. रणगाडा थोडा हलला, परत बसला, पुन्हा हलला. बाहेरचं चाक कडेला घासत वर आलं आणि धप्पकन रस्त्यावर टेकलं.

मामा खाली उतरले ते सरळ गृहस्थांसमोर जाऊन उभे राहिले.

"कधीपासून?"

गृहस्थांनी नेहमीसारखं तोंड बाजूला वळवलं. "मधोमध दिसत नाही. एक डाग आहे, तो वाढतोय. कडेकडेने दिसतं. तुमच्याकडे असं तिरकं बघितलं की तुमचा चेहरा थोडा दिसतो."

"आणि गाडी?"

"तुमचे लाल दिवे धरून चालवत होतो. बाकी ही सांगायची. शहरात मी हात लावत नाही गाडीला, शपथ. इथे कोण आहे? पडलो तर मी पडेन."

"मी," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मी आहे इथे. तुमच्या पुढ्यात, हातभर अंतरावर. माझी बायको असते गाडीत. ही पोर असते. आणि तुमची? तिला पाठमोरी चालवत होतात दरीच्या कडेने."

बाई रडायला लागल्या. "मीच त्यांना नाही म्हणू शकले नाही," त्या म्हणाल्या. "दुकान गेलं, वाचन गेलं. रविवार तेवढा राहिला होता. आणि मला या दगडांवरून चालवायची भीती वाटते."

मामा वाकून दोर सोडवायला लागले. मग म्हणाले, "मीही कमी केलं नाही. तुम्ही हाका मारत होतात आणि मी वर बसून ऐकत होतो."

परत येताना रणगाडा मामांनी चालवला, आमची गाडी मामीने. शेजारी बसून मी तिच्याकडे बघत राहिले. एका खडबडीत उतारावर ती म्हणाली, "इतके रविवार मांडीवर पंप घेऊन बसवलं मला या माणसाने," आणि पुढे दोनतीन दगड तिने मुद्दाम जरा जोरात घेतले.

त्यानंतर काही रविवार आम्ही कुठेच गेलो नाही. मामा घरात येरझाऱ्या घालायचे. त्यांना झोप नव्हती. पूर्वी संशयाने उडायची, आता निराळ्या कारणाने. "तो परत चालवत असेल," ते म्हणायचे. मामी म्हणाली, "मग जाऊन विचारा ना." एका सकाळी ते खरंच गेले. मी बरोबर होते. नीटनेटकं घर, भिंतीलगत उत्तम लाकडाची कपाटं, आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीला रंगीत फडकं बांधलेलं, दिसावी म्हणून. मामांनी चहा घेतला नाही. "रणगाड्याची किल्ली द्या," म्हणाले. त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. कुणी हसलं नाही.

गृहस्थ ताठ बसले. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," मामा म्हणाले.

मग गृहस्थांनी हात लांब करून टेबलावरची किल्ली चाचपली आणि मामांच्या दिशेने सरकवली. ती मामांच्या थोडी बाजूला आली. मामांनी ती उचलली, खिशात टाकली आणि म्हणाले, "रविवारी सकाळी तयार राहा. आमच्या गाडीत जागा आहे."

रणगाडा नंतर विकला गेला. आमच्या छोट्या गाडीत पुढे गृहस्थ, मागे दोघी बायका आणि मधे दाटीवाटीने मी, अशी वरात निघायला लागली. पहिल्या दिवशी गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्याचौथ्या खेपेला, डाव्या बाजूच्या गवतात काहीतरी हललं असं ते म्हणाले. मामांनी गाडी थांबवली. खरोखर एक हरणाचं पाडस होतं, ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं. कडेला हललेलं त्यांना आमच्याआधी कळायचं. मामांचा यावरही पुरता विश्वास बसला नाही. "दहादा म्हटलं की एकदा निघतंच काहीतरी," ते घरी म्हणाले. पण तेव्हापासून ते गाडी हळू चालवायला लागले आणि मधूनमधून विचारायला लागले, "साहेब, डावीकडे काही?"

बाई मात्र अजून दगडांना घाबरत होत्या, आणि मामा त्यांना किल्ली देण्याच्या विरोधात होते. वहिनींचे पाय पोचत नाहीत, वहिनी उतारावर डोळे मिटतात, अशी त्यांची कारणं. मग एका दुपारी, ओढ्याच्या काठावर डबे उघडून जेवण झाल्यावर, मामीने काही न विचारता किल्ली बाईंच्या हातात ठेवली आणि स्वतः मागे जाऊन बसली. मामा उभेच राहिले.

"बसताय, की चालत येताय?" मामीने काच खाली करून विचारलं.

ते बसले. मागे, मामी आणि माझ्यामधे, गुडघे छातीशी घेऊन. बाईंनी गाडी सुरू केली. दोन्ही हात स्टीअरिंगवर, पाठ सरळ. शेजारी गृहस्थांनी विचारलं, "रस्ता कसा आहे?"

"मोठे दगड आहेत," त्या म्हणाल्या. "उजवीकडून जागा आहे. मी उजवीकडून घेते."

"घे."

मामांनी दाराच्या वरची मूठ घट्ट धरली. "पाण्याचा तळ बघितला नाही कुणी," ते म्हणाले.

"मी बघितलाय, तुम्ही हात धूत होतात तेव्हा," मामी म्हणाली. गाडी ओढ्यात उतरली, पाणी चाकांना लागलं, आणि बाई न थांबता पलीकडे निघाल्या.